पणजोबांचे नक्षीदार रिव्हॉल्व्हर : ठेवायचे कसे, जपायचे कसे

खंडेनवमी आली की आमच्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. माळ्यावरची पेटी खाली उतरते. तलवार, बिचवा, सुऱ्या, अडकित्ते पाटावर मांडले जातात आणि तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले, एक रिव्हॉल्व्हर निघते. नळीवर वेलबुट्टी, चक्रावर कसलेसे चित्र, मूठ पिवळट पांढरी. घरातले सगळे ते हाताळून बघतात, एखादा भाचा फोटो काढून स्टेटसला टाकतो आणि मग कोपऱ्यातून कोणीतरी विचारतो, "बापा, याचं लायसन कुठी हाय?"

त्यावर मिळणारी उत्तरेही ठरलेली. "एवढ्या जुन्याले कोन विचारते?" "चालते कुठी ते!" "अँटिक हाय ना, मंग कायचं लायसन?" अमरावती, अचलपूर, दर्यापूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर इकडच्या जुन्या वाड्यांमधून गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक शंका या तीन वाक्यांभोवतीच फिरतात. तिन्ही वाक्ये अर्धवट खरी आहेत, आणि पोलीस ठाण्यात अर्धवट खऱ्याचा उपयोग नसतो.

आधी हात आवरा

कायद्याचे पुढे बघू. पहिली गोष्ट जिवाची. रिव्हॉल्व्हर भरलेले आहे असे समजूनच त्याच्याकडे बघा, मग ते साठ वर्षे पेटीत पडून असले तरीही. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्या उलटल्या तरी पेट घेते.

- घोडा मागे ओढू नका, चाप दाबून बघू नका. "स्प्रिंग चालते का पाहतो" म्हणणाऱ्याच्या हातून ते काढून घ्या.
- नळीच्या तोंडातून आत डोकावू नका.
- चक्राच्या कडेतून बारीक पिना बाहेर आलेल्या दिसल्या तर ते पिनफायर जातीचे आहे आणि आत काडतुसे आहेत. त्या पिनेवर मार बसला की काडतूस उडते, घोड्याची गरज लागत नाही. जिथे आहे तिथेच राहू द्या.
- चक्राच्या मागच्या बाजूला तांब्याच्या चिमुकल्या टोप्या बसलेल्या असतील तर ते ठासणीचे, आणि बहुधा ठासलेले. खिळ्याने, टोच्याने टोपी काढायला जाऊ नका.
- अडकलेले काडतूस तापवून, ठोकून किंवा तेलात बुडवून काढण्याचे घरगुती उपाय करू नका. हे काम शस्त्रागारातल्या आर्मररचे किंवा परवानाधारक बंदूक कारागिराचे.
- पोरांना लांब ठेवा. वस्तू कुलपाच्या कपाटात ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे राहू द्या.

आणि स्टेटसवरचा तो फोटो आजच काढून टाका. पूजेचा फोटो म्हणून टाकलेले चित्र बघणारा पूजा बघत नाही.

जुने म्हणजे मोकळे नव्हे

गोंधळाचे मूळ इथे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जुनाट पद्धतीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके शस्त्र कायद्यातून वगळले जाते. लोक इथपर्यंतच वाचतात. पुढची अट अशी की, ते शस्त्र दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे.

"दुरुस्ती करूनसुद्धा" या दोन शब्दांवर सगळे अडते. स्प्रिंग तुटली आहे? नवी बसते. घोड्याचे टोक झिजले आहे? भरून घेता येते. चक्र गंजून अडकले आहे? कुशल हाताखाली ते सुटते. म्हणजे तुमचे "न चालणारे" रिव्हॉल्व्हर कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा चालणारेच असते. नळी आतून कायमची बुजलेली, चौकट तडकलेली, चक्राची घरे गंजाने खाऊन गेलेली अशी अवस्था असेल तरच सूट मिळण्याचा संभव. वस्तू १८६० ची आहे की १९३० ची, तिच्यावर नक्षी आहे की नाही, याने फरक पडत नाही.

मग अँटिकला परवाना लागत नाही ही समजूत आली कुठून? बहुतेक मोबाइलवरून. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक "अँटिक" म्हणून बरीचशी मोकळी आहे. इंग्लंडातही शोभेची, इतिहासजमा काडतुसांची जुनी शस्त्रे ठेवायला सवलत आहे. तिकडचे संग्राहक व्हिडिओत नक्षीदार कोल्ट मांडून बसलेले दिसतात आणि इकडे आपला माणूस निर्धास्त होतो. अकोल्यात टेक्सासचा कायदा चालत नाही.

सूट लागू होते की नाही हे तुम्ही ठरवायचे नाही, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तर मुळीच नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा, शस्त्राची तपासणी मागा आणि निष्कर्ष लेखी घ्या. तोंडी "काही नाही होत हो, ठेवा घरी" या आश्वासनाला चौकशीच्या दिवशी कोणी ओळखत नाही.

उलट बाजूही माहीत असू द्या. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आणि दंड अशी आहे. काडतुसांसाठीही परवाना लागतो. पेटीतल्या चार हिरवट काडतुसांना "आठवण" म्हणून वेगळ्या डबीत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ती आठवण पहिल्यांदा जमा करा.

आणखी एक मेख बोअरची. ४५५ किंवा ३८० ची लष्करी काडतुसे ज्यात बसतात आणि उडतात ती रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. पहिल्या महायुद्धातले मोठे वेब्ली ४५५ चे. असा आकडा नळीवर किंवा चौकटीवर दिसला तर अर्जात तो पहिल्याच ओळीत लिहा. जिल्हा पातळीवरचा नेहमीचा मार्ग त्याला पुरत नाही.

तुम्ही कोणत्या घरातले?

*परवाना आहे आणि ज्यांच्या नावावर आहे ते हयात आहेत.* सर्वात सोपा मामला, आणि म्हणूनच सर्वात जास्त लांबणीवर टाकला जाणारा. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारक ७० वर्षांचे झाले किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षे राहिले, यांतले जे आधी घडेल तेव्हापासून, ते आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावे परवान्यासाठी पुढाकार घेऊ शकतात. बाबा चालते-फिरते आहेत, सही करू शकतात, तोवर हे उरकून घ्या. घेणाऱ्याचे वय २१ पूर्ण हवे. जुन्या परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन क्रमांक चढला आहे का, हेही त्याच फेरीत तपासा.

*परवाना होता, पण परवानाधारक वारले.* परवाना त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र मुलाकडे आपोआप येत नाही. कलम २१ सांगते की विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. तेराव्यापर्यंत थांबलात तर कोणी फासावर चढवणार नाही, पण वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका. सोबत लागेल ते असे:

- मृत्यूचा दाखला
- मूळ परवाना, आणि तो सापडत नसेल तर त्याचा क्रमांक असलेला कोणताही कागद
- वारस दाखला आणि इतर वारसांचे संमतिपत्र (बहिणींचेही, हे विसरले की फाइल परत येते)
- ज्याच्या नावे परवाना हवा त्याची ओळख, पत्ता, वैद्यकीय प्रमाणपत्र, छायाचित्रे

*कागद काहीच नाही.* इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. कायद्यात कायमची माफी योजना नाही. म्हणून आधी फौजदारी कामाची माहिती असलेल्या वकिलाकडे जा, रिव्हॉल्व्हर घरी ठेवून जा. वस्तू केव्हा, कुठे, कोणासमोर सापडली याची साधी हकिकत तारखेसह लिहून काढा, दोन शेजाऱ्यांसमोर पंचनाम्यासारखी नोंद करा आणि वकिलामार्फत लेखी कळवून जमा करा. स्वतःहून कळवलेली वस्तू आणि धाडीत सापडलेली वस्तू यांतला फरक कोणत्याही न्यायालयाला समजतो.

जे करू नये ते हे: विहिरीत टाकणे, पूर्णेच्या डोहात सोडणे, शेतात पुरणे, गड्याच्या घरी ठेवणे. विहीर उन्हाळ्यात आटते. आणि एसटीच्या पिशवीत घालून तालुक्याच्या ठाण्यात नेणेही नको. आधी ठाण्याला कळवा, ते सांगतील तसे न्या किंवा त्यांनाच घरी बोलवा.

तिन्ही घरांना लागू असलेली एक मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्यातच मोजले जाते. तुमच्या नावावर आधीच एक बारा बोअर आणि एक पिस्तूल असेल तर पणजोबांचे रिव्हॉल्व्हर भावाच्या किंवा बहिणीच्या नावे करावे लागेल.

कागद शोधण्याची वऱ्हाडातली वाट

पणजोबांनी हे घेतले कसे, हे कळले तर कागदही सापडतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला, या फौजेचे ठाणे होते. तिथले गोरे अधिकारी बदलून जाताना सामान विकून जात. पुढे १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव भडकले आणि अमरावती, अकोला, खामगावच्या पेठांत पैसा खेळू लागला. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, मुंबईचा माल आठवड्यांऐवजी दिवसांत येऊ लागला. घड्याळे, झुंबरे, बग्ग्या आणि मेळघाटच्या शिकारीसाठी बंदुका वाड्यांवर आल्या त्या अशा. १८७८ चा शस्त्र कायदा आल्यानंतर घेतलेल्या शस्त्राला सहसा कुठे ना कुठे नोंद असते. शोध घेताना हे लक्षात ठेवा:

- इंग्रजी अमलात वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर नव्हे, डेप्युटी कमिशनर होता. जुन्या कागदावर ही सही दिसली तर तो कोर्टाचा कागद समजून बाजूला टाकू नका, कदाचित तोच परवाना असेल.
- एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला आणि वाशीम त्याच वर्षी अकोल्यात. वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. कारंजा, मंगरुळपीरच्या घराण्यांनी त्याआधीची नोंद अकोल्यात मागावी.
- अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरातल्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे. ग्रामीण अमरावती आणि अकोला जिल्ह्यातल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालय गाठावे. शहरातून खेड्यात किंवा खेड्यातून शहरात राहायला गेला असाल तर जुनी फाइल दुसऱ्याच कार्यालयात असू शकते.
- निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेतात. घरातल्या जुन्या वह्यांत, विम्याच्या पाकिटात ठाण्याची एखादी पावती सापडते. परवाना हरवला असला तरी त्या पावतीवर परवान्याचा क्रमांक असतो.

आता नक्षी

इथवर आलात म्हणजे वस्तू कुलपात किंवा ठाण्यात आहे आणि कागद चालू आहेत. आता ती बघायला हरकत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग (घड्याळजीकडे असते तसले) आणि एक टॉर्च पुरे. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने, जवळजवळ आडवी धरा. प्रकाश तिरपा पडला की कोरलेल्या प्रत्येक रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि जे सपाट दिसत होते ते उठून येते.

पहिला प्रश्न: हाताने कोरलेले की ठशाने उठवलेले? कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याच्या चक्रावर जहाजांची लढाई असते. ती १६ मे १८४३ ला टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांत झालेली. १८४९ च्या पॉकेट नमुन्यावर घोडागाडी लुटण्याचा प्रसंग. दोन्ही चित्रे वॉटरमन ऑर्म्सबीची, पण ती प्रत्येक चक्रावर त्याने कोरलेली नाहीत. पोलादी गोल ठसा चक्रावर फिरवून दाबली आहेत. हजारो रिव्हॉल्व्हरांवर तेच चित्र. वाचकांकडून "आमच्या कोल्टवर हाताने कोरलेले जहाज आहे" असे येते तेव्हा मला त्यांचा हिरमोड करावा लागतो. चित्र शाबूत असेल तर मोल आहेच, फक्त ते कोरक्याच्या हाताचे नाही.

हाताची नक्षी ओळखू येते ती तिच्या चुकांवरून. छिन्नीने कापलेल्या रेघेचा तळ धारदार, इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि भिंगाखाली चकाकणारा. वळणावर रेघ किंचित जाड होते, शेवटी निमुळती होते. दोन वळसे सारखे दिसले तरी एकसारखे नसतात. आम्लाने खाऊन काढलेल्या किंवा आजकाल लेसरने मारलेल्या नक्षीचा तळ सपाट, कडा मऊ आणि दोन्ही बाजू काटेकोर सारख्या. अमेरिकेत कोल्टसाठी काम केलेले गुस्ताव यंग, क्युनो हेल्फ्रिश्ट किंवा न्यूयॉर्कचा निम्श्के यांच्या वेली प्रसिद्ध आहेत. पण वऱ्हाडातल्या पेटीत त्यांची निघण्याची आशा धरू नका. आपल्याकडे बहुधा निघते ते इंग्रजी किंवा बेल्जियन.

इंग्रजी चांगल्या प्रतीच्या रिव्हॉल्व्हरांवर, अ‍ॅडम्स, ट्रँटर, वेब्ली अशांवर, चौकटीच्या कडेने बारीक वेल आणि किनार असणे ही तेव्हाची रीतच होती. त्यामुळे नुसती नक्षी आहे म्हणून वस्तू दुर्मिळ ठरत नाही. बेल्जियमच्या लिएजहून आलेली पिनफायर रिव्हॉल्व्हरे तर नक्षीने भरगच्च असतात आणि तरी तुलनेने साधी. किंमत ठरते ती रेघांचा तजेला, मूळ निळी झिलई, जुळणारे क्रमांक, मूळ पेटी-साहित्य आणि घराण्याचा कागद यांवरून.

भिंगातून पुढच्या खुणाही बघा:

- तपासणीचे शिक्के. मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असतील तर बर्मिंगहॅम. अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही रोमन अक्षरे असतील तर लिएज. नळीवर लंडनचे नाव आणि आत लिएजचा शिक्का, हे जुने दुखणे आहे.
- दुकानाचे नाव. कलकत्त्याचे मँटन, रॉडा, लायन अँड लायन, किंवा १८९१ मध्ये मुंबईत दुकान काढलेले आर्मी अँड नेव्ही, ही नावे विक्रेत्यांची. बनवणारा कारखाना वेगळा असू शकतो.
- क्रमांक. चौकट, चक्र, नळी, मुठीखालचा पट्टा. जिथे दिसेल तिथला टिपून घ्या. क्रमांक घासणे किंवा बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गंज काढताना अजाणता घासला गेला तरी सिद्ध करत बसावे लागते.
- नक्षी आणि शिक्क्याचे नाते. कारखान्यातला कोरका शिक्क्याला, क्रमांकाला जागा सोडून वेल वळवतो. वेल क्रमांकाच्या अंगावरून गेली असेल, किंवा गंजाच्या खड्ड्यांच्या आतही रेघ स्वच्छ चालली असेल, तर नक्षी नंतर केलेली.
- सोनेरी काम. आपल्याकडच्या कारागिरांनी विलायती शस्त्रांवर कोफ्तगिरी केली. पोलादावर आडवे-उभे बारीक ओरखडे काढून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची. सोने झिजले असेल तिथे भिंग धरा. खाली जाळीसारखे ओरखडे दिसले तर कोफ्तगिरी, गुळगुळीत पोलाद दिसले तर मुलामा.

हे सगळे फोटोत उतरवा: तिरपा प्रकाश, शेजारी मोजपट्टी, प्रत्येक बाजू वेगळी. फोटो फोनवर पसरू देऊ नका. छापून परवान्याच्या फाइलला लावा. चोरी झाली तर ओळख पटवायला हेच उपयोगी पडते.

मूठ हस्तिदंताची निघाली तर

रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे पण मुठीचा नाही, अशी गंमत घडते. मुठीच्या कापलेल्या टोकाकडे भिंगातून बघा. एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसली तर हत्तीचा दात. साध्या हाडात बारीक काळपट ठिपके दिसतात. तापलेली सुई लावून बघण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. मूठ डागाळते आणि शंका तशीच राहते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. वारसाने मिळालेली वस्तू ठेवता येते, पण वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ती जाहीर करावी लागते. विकायला काढलेल्या रिव्हॉल्व्हरची हस्तिदंती मूठ ही खरेदीदारालाही अडकवते. त्याच पेटीत वाघनख, बिबट्याचे कातडे, सांबराचे शिंग निघाले (मेळघाटच्या शिकारीतून आलेल्या पेट्यांत निघतेच) तर त्यांनाही हाच कायदा. वनविभागाच्या कार्यालयात दोन्हींची चौकशी एकाच फेरीत करा.

खंडेनवमीचा खरा शत्रू : चिंच

नाव-गाव सांगत नाही, पण एका घरातले पाच बारांचे इंग्रजी रिव्हॉल्व्हर मी बघितले आहे. साठ-सत्तर वर्षे दर खंडेनवमीला घरच्या बायकांनी ते देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राखेने घासले. आता ते चमच्यासारखे लखलखते. नक्षी कुठेच नाही. फक्त घोड्याच्या मागे, जिथे बोट पोचत नाही त्या खोबणीत, वेलीचे दोन वळसे उरले आहेत. त्या दोन वळशांवरून बाकीचे काय होते याचा अंदाज येतो आणि जीव हळहळतो.

- चिंच, लिंबू, राख, पितांबरी, वाळूचा कागद, तारेची घासणी, बफिंगचे चाक यांतले काहीही लावू नका. नवी झिलई चढवून देतो म्हणणाऱ्यालाही नाही.
- पूजेचे हळद-कुंकू पाटावर वाहा, लोखंडावर नको. ओले कुंकू रेघांत शिरून ओल धरते.
- स्वच्छ मऊ सुती कापड, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, हातात सुती मोजे. बोटांच्या घामातले मीठ पोलादावर ठसा उमटवते आणि तो महिन्याभरात गंज होतो.
- चामड्याच्या म्यानात किंवा मखमली पेटीत कायमचे ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लगेच जून-जुलैत दमट हवा. तापून आकसलेले चामडे ओल शोषते आणि पोलादाला चिकटून राहते. म्यान शेजारी ठेवा.
- सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्यापूर्वी बदला.
- बँकेच्या लॉकरमध्ये नाही. लॉकरच्या करारात शस्त्रांना मनाई असते.
- कोणतीही दुरुस्ती, बदल, निकामी करणे घरी किंवा गावच्या लोहाराकडे नाही. त्यासाठी परवाना असलेला कारागीर आणि अधिकाऱ्याची लेखी मंजुरी हवी. छिद्र पाडून "सेफ करून देतो" म्हणणारा मिस्त्री कायद्यातही बसत नाही आणि वस्तूचे वाटोळेही करतो.

विकत घेऊन संग्रह करायचा असेल तर

माझे मत स्पष्ट आहे. दोन बंदुकांच्या मर्यादेत संग्रह होत नाही, जोडी होते. ज्यांना खरोखर ओढ आहे त्यांनी एक वारशाची वस्तू नीट सांभाळावी आणि हौस भोवतालच्या गोष्टींवर भागवावी: दुकानांचे जुने सूचिपत्रक, छापील परवाने, रिकामी पेटी, शिकारीच्या वह्या, जुनी छायाचित्रे. यांना परवाना लागत नाही आणि वऱ्हाडात ही सामग्री अजून रद्दीत जाते आहे.

तरी घ्यायचेच असेल तर क्रम उलटा करू नका. आधी परवाना, मग सौदा. विक्रेत्याचा परवाना बघा, त्यावरचा क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून बघा, पैसे खात्यातून द्या. क्रमांक नसलेले शस्त्र घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप गटावर "अँटिक पीस, नो पेपर, ओन्ली शोपीस" असे जे फिरते त्याला उत्तरही देऊ नका. परदेशी लिलावात बोली लावायचा मोह होत असेल तर कलम १० वाचा: आयातीला स्वतंत्र परवाना लागतो, तो नसेल तर वस्तू कस्टममध्ये अडकते आणि प्रश्न तुम्हाला विचारले जातात.

उलट दिशेनेही तेच. अमेरिकेतला मुलगा "मी घेऊन जातो, इकडे मोकळे आहे" म्हणतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र कायदा त्याहून वेगळा.

तुमचे हक्क

कार्यालयात गेल्यावर माणूस आपणच आरोपी असल्यासारखा उभा राहतो. तसे उभे राहायचे कारण नाही.

- जमा केलेल्या शस्त्राची पावती हा तुमचा हक्क. तीत बनावट, बोअर, क्रमांक आणि मुठीचे, नक्षीचे वर्णन लिहून घ्या. "एक जुने रिव्हॉल्व्हर" एवढ्यावर सही करू नका. परत मिळताना त्याच वर्णनाशी ताडून घ्या.
- जमा म्हणजे जप्त नव्हे. ठरलेल्या मुदतीत तुम्ही परवाना मिळवलात तर शस्त्र परत मागू शकता, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकून पैसे घेऊ शकता. मुदत संपू दिली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते, म्हणून मुदतीची तारीख पावतीवरच लिहून मागा.
- परवाना नाकारला तर कारणे लेखी मागता येतात. काही अपवाद सोडता ती द्यावी लागतात.
- नकारावर कलम १८ खाली अपील आहे आणि मुदत ३० दिवसांची. आदेश हातात पडला ती तारीख पाकिटावर टिपून ठेवा, पाकीट फेकू नका.
- अर्ज कुठे अडकला हे कोणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात "माझ्या अर्जावर आजवर झालेली टिपणी" एवढेच मागा. लांबलचक प्रश्नावलीपेक्षा या एका ओळीला लवकर उत्तर मिळते.

देऊन टाकायचे ठरले तर

पुढच्या पिढीत कोणालाच परवाना नको असेल तर वस्तुसंग्रहालयाचा विचार करा. आपल्याला जवळचे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ पासूनचा अजबबंगला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर शस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे. आधी फोटो आणि माहिती पाठवून त्यांना ती वस्तू हवी आहे का हे विचारा. प्रत्येक रिव्हॉल्व्हर ते घेतीलच असे नाही. त्यांनी होकार दिला तर हस्तांतर परवाना अधिकाऱ्यामार्फतच होईल.

देणगीपत्र करताना दोन ओळी तुमच्याकडून घाला. एक, कोणत्या घराण्याकडून आणि कोणत्या गावाहून आले. दुसरी, तिथे कधीपासून होते. नळीवर मुंबईच्या दुकानाचे नाव कोरलेले असते, ते लेबलवर आपोआप येते. दर्यापूरचे नाव सांगितल्याशिवाय येत नाही.